खुणेचे मासे

सरांना मोजायला आवडत नसे. "मोजतो तो कारकून, अंदाज काढतो तो शास्त्रज्ञ," असं ते म्हणत, आणि म्हणताना समोर बसलेल्या कारकुनाकडं बघत. आमच्या कॉलेजचा हेडक्लार्क या वाक्यानं इतका दुखावला होता, की सरांच्या रजेची फाइल त्यानं चार महिने दडवून ठेवली. सर विचारायला गेले की म्हणायचा, "हाय सर, अंदाजे त्या कपाटात हाय."

मी सरांच्या हाताखाली प्राणिशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होते. ज्यांच्या घरात असा एखादा माणूस आहे त्यांना तासिका तत्त्व समजावून सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. कॉलेज उघडलं की आपण विभागाच्या दारात जाऊन उभं राहायचं. विभागप्रमुखांनी मान डोलावली तर वर्षभर मॅडम, नाही डोलावली तर घरी बसून पापड. माझ्यासाठी डोलायची ती मान सरांची होती. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्यावं. सरांना मी भरपूर हसले आहे, पण पदर तोंडाला लावून.

सर शिडशिडीत, उंच, बारा महिने पांढऱ्या फुल शर्टात. खिशाला एक पेन आणि पेनाशेजारी नेलपॉलिशची बाटली. गोगलगायीच्या पाठीवर खूण करायला नेलपॉलिशसारखं दुसरं काही नाही, पाण्यात महिनाभर टिकतं. सरांची पीएच.डी. गोदाकाठच्या गोगलगायींवर होती. तालुक्याच्या गावात छप्पन वर्षांचा माणूस बांगड्यांच्या दुकानात उभा राहून "लवकर न निघणारी दाखवा" म्हणतो, तेव्हा शेजारच्या बायका एकमेकींना कोपर मारणारच. दुकानदारीण बाई एकदा काकूंना, म्हणजे सरांच्या मंडळींना म्हणाली, "लय हौशी हायत बघा तुमचे सर." काकू सोनपेठच्या, जिभेला धार. म्हणाल्या, "माझ्या नखाला आजवर एक थेंब लागला न्हाई. सात वर्षं गोगलगाईच्या मागं धावलाय हा माणूस, तरी ती पुढंच."

सरांचं सूत्र तसं सोपं होतं, आणि ते ते लग्नाच्या पंगतीवरून समजावत. समजा, लग्नाला किती माणसं आलीत ते तुम्हाला माहीत नाही. पहिल्या पंगतीतल्या शंभर जणांच्या कपाळाला अष्टगंध लावा आणि त्यांना मांडवात सोडून द्या. सगळी नीट मिसळू द्या. मग घटकाभरानं मांडवातली कुठलीही पन्नास माणसं गाठा. त्यांतल्या दहा जणांच्या कपाळाला गंध दिसलं, तर याचा अर्थ पाचातल्या एकाला गंध लागलंय. गंध लावलं होतं शंभर जणांना. म्हणजे मांडवात एकूण पाचशे. नदीतले मासे, रानातली हरणं, गावातली कुत्री, सगळ्यांना हाच हिशेब. वर्गातल्या शेवटच्या बाकालाही हे समजायचं, आणि माझ्यापेक्षा सर चांगलं शिकवायचे हे मी आजही मान्य करते. शिकवून थांबले असते तर देवमाणूस म्हणून निवृत्त झाले असते.

पण त्यांनी हा प्रयोग सोनपेठला पुतण्याच्या लग्नात खरोखरच केला. पहिल्या पंगतीला बसली नवऱ्यामुलाकडची म्हातारी माणसं. जेवली, गंध लावून घेतलं आणि जानवशावर जाऊन आडवी झाली. घटकाभरानं सरांनी मांडवात पन्नास माणसं गाठली, तर गंधवाले निघाले दोन. सरांनी जागच्या जागी गणित मांडलं आणि आचाऱ्याला सांगितलं, अडीच हजार पानं होणार, बुंदी वाढवा. आचारी बिचारा शिकलेल्या माणसाचा मान ठेवणारा होता. प्रत्यक्षात सहाशे माणूस जेवलं. उरलेली बुंदी सोनपेठच्या त्या गल्लीत आठ दिवस पुरली, आणि नवव्या दिवशी गल्लीतल्या शेळ्यासुद्धा तोंड फिरवायला लागल्या. सरांचं म्हणणं एवढंच, "सूत्र बरोबर आहे. माणसं नीट मिसळली नाहीत."

कॉलेजातही असंच. तपासणी समिती यायची होती, प्राचार्यांना विद्यार्थ्यांची उपस्थिती हवी होती. हजेरीपत्रक काढा म्हणाले असते तर कुणीही काढलं असतं. सरांनी कँटीनच्या दारात उभं राहून साठ पोरांच्या मनगटावर रबरी शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कँटीनमध्ये अठ्ठेचाळीस जण गाठले, तर पंचेचाळीस जणांच्या मनगटावर शिक्का आधीच होता. सरांनी लेखी अहवाल दिला की कॉलेजात एकूण चौसष्ट विद्यार्थी आहेत. प्राचार्य अहवाल घेऊन विभागात आले आणि दार लावून रागावले. आकडा चुकला म्हणून ते रागावले नव्हते, कारण रोज येणाऱ्या पोरांच्या तो फारच जवळ होता. ते रागावले, तो लिहून दिला म्हणून.

तर अशा माणसाकडं एके दिवशी गयाबाई आल्या.

चारठाण्याच्या अलीकडं एका खेड्याबाहेर तळं आहे. तळ्याच्या काठाला भोयांची बावीस घरं, आणि तळ्यातली मासेमारी त्यांच्या सोसायटीकडं. गयाबाई सोसायटीच्या चेअरमन. पन्नाशीच्या, कपाळ मोकळं, हाताच्या बोटांवर जाळ्याच्या दोरीचे वळ. आदल्या उन्हाळ्यात तळं तळाला गेलं होतं आणि मासळी जवळजवळ संपली होती. आता येत्या पावसाळ्यात सरकारी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, तळ्यात सोडायला मिळाली तरच पुढं जाळ्याला काही लागणार होतं. नाही मिळाली तर दिवाळी झाली की घराला कुलूप आणि ऊसतोडीचा ट्रक. त्या काठावरच्या बऱ्याच घरांनी तो ट्रक आधी पाहिलेला होता, आणि कुणालाच तो पुन्हा पाहायचा नव्हता. बोटुकली देणाऱ्या कार्यालयानं सांगितलं होतं, तळ्यात मासळी किती शिल्लक आहे त्याचा तज्ज्ञाचा दाखला आणा. मासळी भरपूर असेल तर बोटुकली दुसऱ्या तळ्याला जाईल.

"तळ्यात कायी न्हाई, येवढंच लिहून द्या सर," गयाबाई म्हणाल्या.

"असं लिहून देता येत नाही. अंदाज काढावा लागतो."

"अंदाज आमीच सांगतो की. दिसभर जाळं टाकलं तर टोपलं भरंना गेलंय."

"तो अनुभव झाला बाई. अंदाज वेगळा."

गयाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी वहीत बघितलं. सरांचा चेहरा मात्र असा खुलला होता, की नव्या नवरीच्या बापालाही इतका आनंद होत नसेल. आजवर गोगलगायी, बुंदी आणि कँटीनची पोरं. आता एक आख्खं तळं मिळालं होतं.

फाल्गुनातल्या एका सकाळी आम्ही रिक्षानं तळ्यावर गेलो. भोयांनी जाळी टाकून मासे धरून द्यायचे, मी ते टबातून एकेक काढून सरांच्या हातात द्यायचे, सरांनी कात्रीनं पोटाखालचा डावा पर जरासा कापायचा आणि मासा पाण्यात सोडायचा. माशाला त्याचं फारसं काही वाटत नाही. विभागातली जंतुनाशकाची बाटली रिकामी होती, म्हणून काकूंनी डबीत हळद दिली होती. सर प्रत्येक जखमेला हळदीचं बोट लावत. चिखलात बूट खराब होऊ नयेत म्हणून ते अनवाणी होते. पायऱ्या पश्चिमेच्या काठाला असल्यामुळं तोंड उगवतीकडं होतं. आणि आकडा विसरू नये म्हणून ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. मासा दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून, वाकून, हलकेच सोडत होते. सगळ्या घरांची जाळी एकदम लागली होती, तरी दोनशे मासे होईपर्यंत दुपार झाली.

मला त्यांनी आधीच बजावलं होतं, "भोयांना खुणेबद्दल अवाक्षर बोलायचं नाही मॅडम. कळलं की ते मुद्दाम खुणेचे मासे शोधतील आणि सगळा नमुना बिघडेल." मी बोलले नाही. काठावर बायका जमल्या होत्या. सुरुवातीला त्या आपसांत हसत होत्या, मग गप्प झाल्या. एकीनं चप्पल काढून बाजूला ठेवली. एका म्हातारीनं डोक्यावर पदर घेतला. ऊन फार आहे, एवढंच मला वाटलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. आता दुसऱ्यांदा मासे धरायचे आणि त्यांत खुणेचे किती ते बघायचं. सर काठावर घडीच्या खुर्चीत, छत्री लावून, मांडीवर नोंदवही. जाळी समोरच्या काठाला लागत होती, म्हणून मी तिकडं गयाबाईंजवळ जाऊन बसले. त्या जाळ्यातून मासे सोडवून टोपल्यात टाकत होत्या. एक कटला मासा हातात आला. त्यांनी तो उलटा करून बघितला, कपाळाला लावला आणि पाण्यात सोडून दिला.

मी विचारलं, "गयाबाई, तो का सोडला?"

"त्यो तुमचाच हाय की मॅडम. सरांचा."

"सरांचा म्हणजे?"

"नवसाचा. पंख कापलेला." त्यांनी दुसरा मासा टोपल्यात टाकला. "देवाला सोडलेला वळू कुणी औताला जुपतंय का? तसंच हे. आमी समद्यांनी ठरवलंय, सरांचा एकबी मासा काठाला आणायचा न्हाई."

मी म्हटलं, "नवसाचा कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पायजे? हळद लावून, उगवतीकडं तोंड करून, मंतर म्हनत दोनशे मासे सोडले माणसानं. तुमच्या रिक्षावाल्याला इचारलं आमी, सरांना लेकरंबाळं? तर म्हनला, न्हाई. मंग समजलंच की." गयाबाईंनी आवाज खाली आणला. "येवढा मोठा नवस आमच्या तळ्यात कुणी केला न्हाई बघा. या वयाला. बाईवर लय जीव आसंल सरांचा."

आधी मला हसू आलं. खरं सांगते, मनात पहिला विचार आला की हे स्टाफरूममध्ये कधी सांगीन. मग ते लग्नाच्या मांडवाचं गणित डोक्यात फिरायला लागलं आणि हसू जिरलं. गंधवाले जितके कमी सापडतील तितका मांडव मोठा. इथं खुणेचा प्रत्येक मासा ही माणसं कपाळाला लावून परत सोडत होती, आणि प्रत्येक सोडलेल्या माशागणिक सरांच्या वहीत तळं फुगत होतं.

संध्याकाळपर्यंत तीनशे मासे झाले. त्यात खुणेचे निघाले दोन, तेही कुणाच्या तरी नजरेतून निसटले म्हणून. सरांनी छत्री मिटली आणि आकडा मांडला. तीस हजार. तळ्यात तीस हजार मासे. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि त्या गढूळ पाण्याकडं असे बघायला लागले, जसं काही ते त्यांनीच भरलं होतं.

रिक्षात मी त्यांना सगळं सांगितलं. नवसाचं सांगितलं, मुलाचं मात्र वगळलं, ते मला तेव्हा तोंडावर आणवेना. सरांनी मांडीवरची नोंदवही उघडली. मग म्हणाले, "किती सोडले?"

"मोजले नाहीत त्यांनी. देवाचं मोजत नाहीत म्हणाल्या."

"अशास्त्रीय," सर म्हणाले.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायला हवी. पुढच्या रविवारी ते मला घेऊन पुन्हा तळ्यावर गेले. गयाबाईंना त्यांनी कागदावर चौकोन काढून, बाण काढून, पंगतीचा दाखला देऊन सगळं समजावलं. हा नवस नाही, ही खूण आहे. गयाबाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

"कळलं का?" सरांनी विचारलं.

"कळलं सर. नवस आसा कुणाला सांगू न्हाई. सांगितला की फळत न्हाई. तुमी बोलू नका, आमी बी बोलत न्हाई."

"अहो, नवस केलेलाच नाही मी."

"आसंच म्हनायचं आसतंय," गयाबाई म्हणाल्या, आणि शेजारच्या दोघी समजूतदारपणे हसल्या.

सर घामाघूम झाले. मग त्यांनी शेवटचं हत्यार काढलं. "ते मासे तुम्ही धरून आणले नाहीत तर माझा आकडा फुगलेला येईल. बोटुकली मिळणार नाही तुम्हाला. नुकसान तुमचं आहे."

गयाबाईंनी चौकोनांचा कागद नीट घडी करून सरांच्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "व्हईल त्ये व्हईल सर. दुसऱ्याच्या नवसावर पाय दिऊन आमचं कुठं भलं व्हनार हाय? तुमी फिकीर करू नका. लेकराचं काम हाय. त्याच्या फुडं बोटुकली काय."

लेकराचं हे सरांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला आधीच माहीत होतं हे त्यांना कळलं. परतीच्या वाटेवर ते एकच वाक्य बोलले, "बाई हट्टी आहे."

दाखला द्यायची मुदत आली. आम्ही दोघं विभागात समोरासमोर बसलो होतो, मध्ये कागद. मी धीर करून म्हणाले, "सर, लिहून टाकू या की प्रयोग फसला. पुन्हा करायला वेळ मागू."

"कारण काय लिहायचं?"

"भोयांचा गैरसमज झाला."

"कसला गैरसमज? लिहा ना मॅडम, लिहा." सरांचा आवाज मी कधी असा चिरका ऐकला नव्हता. "लिहा की विभागप्रमुखांना मूल नाही म्हणून त्यांनी तळ्यात मासे सोडले, असं लोकांना वाटलं. खाली माझी सही, कॉलेजचा शिक्का. ते कार्यालय वाचेल, मग प्राचार्य वाचतील, मग तो हेडक्लार्क मोठ्यानं वाचेल. आणि मग ते आमच्या घरापर्यंत जाईल."

मला त्यांची दया आली. चार वर्षांत पहिल्यांदा आली. ज्या माणसाला आपण रोज हसतो त्याच्याही पोटात काही दुखत असतं, हे कळायला मला एवढा वेळ लागावा याची लाजही वाटली. पण सर तिथं थांबले नाहीत. डोळे पुसल्यासारखं करून त्यांनी चष्मा घातला आणि म्हणाले, "शिवाय आकडा चुकला असं सिद्ध कुठं झालंय? तीनशेत दोन सापडले ही वस्तुस्थिती आहे. बाकीचे का सापडले नाहीत हा समाजशास्त्राचा विषय, आपला नव्हे." आणि त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, तीस हजार. खाली 'सहायक निरीक्षक' म्हणून माझं नाव लिहून कागद माझ्यापुढं सरकवला.

मी सही केली. दयेपोटी केली असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तेव्हा मे महिना चालू होता, जून तोंडावर होता, आणि ती मान माझ्यासमोर होती.

बोटुकली दुसऱ्या तळ्याला गेली. गयाबाई आषाढात कॉलेजात आल्या. भांडायला आल्या असतील असं वाटून मी उठून उभी राहिले. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, कागदावर तीस हजार मासे लिवल्यात म्हनं. कुठं हायती?"

"तळ्यात," सर म्हणाले.

गयाबाईंनी विचार केला. "तुमी म्हनता तर आसतील. नवसाच्या माशांनी बरकत दिली आसंल." आणि उठून गेल्या. तेच सरांच्या जिव्हारी लागलं असेल असं मला वाटलं होतं, पण त्याच महिन्यात त्यांनी त्या तळ्यावर एका परिषदेत निबंध वाचला. तिथं कुणीतरी विचारलं, खुणेचे मासे इतके कमी का? सर म्हणाले, "स्थानिक घटक." टाळ्या पडल्या, शाल मिळाली. ती शाल घालून ते दोन दिवस विभागात बसले, भर उकाड्यात. मला त्या वर्षी दोन तासिका जास्त मिळाल्या.

दिवाळी झाली. एका दुपारी मी जिंतूरच्या बसची वाट बघत फाट्यावर उभी होते. समोर एक ट्रक थांबला होता. वर भांडी, गोधड्या, पत्र्याच्या पेट्या, मधे बसलेल्या बायका आणि कडेला लटकवलेले कोयते. "मॅडम," अशी हाक आली. गयाबाई फाळक्याला धरून उभ्या होत्या.

मी जवळ गेले. कुठं निघालात असं विचारायची गरज नव्हती.

"जाळ्याला कायीच लागंना वो," त्या म्हणाल्या. "समदीच घरं निघालो. निस्ती म्हातारी माणसं ठिवलीत मागं." मग खाली वाकून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "सरांच्या घरी कायी गोड बातमी?"

त्या क्षणी मी सगळं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "अजून नाही."

"व्हईल. सरांना सांगा, आमी शेवटपतुर एकबी धरला न्हाई. म्हाताऱ्यांना बी सांगून ठिवलंय, भायेरचं कुनी जाळं टाकाय आलं तर टाकू देऊ नका म्हनून." ड्रायव्हरनं हॉर्न दिला. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "तुमालाबी बरं व्हईल."

ट्रक गेला. मी जिंतूरची बस सोडली आणि तशीच सरांच्या घरी गेले. मला स्वतःचा इतका संताप आला होता, की तो कुणाच्या तरी दारात नेऊन टाकल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. सर ओसरीवर गोगलगायींच्या नोंदी तपासत बसले होते, काकू शेंगा फोडत होत्या. मी चप्पलही न काढता सगळं बोलून टाकलं. काकू आहेत हे मला दिसत होतं, तरी बोलले. नवस, हळद, लेकरू, कपाळाला लावून सोडलेले मासे, दाखल्यावरची माझी सही, ट्रक. सरांनी मधे दोनदा "मॅडम, मॅडम" केलं. काकूंनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"किती घरं गेली?" काकूंनी विचारलं.

"बावीस."

"अंदाजे?" सर म्हणाले. सवयीनं म्हणाले, हे मला कळलं, पण अंगाचा तिळपापड झाला.

"नाही सर. मोजून."

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता त्या रडतील. पण त्या रडल्या नाहीत, आणि नेहमीसारखं टोचूनही बोलल्या नाहीत.

"लेकराचा नाद सोडून मला वीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "माझ्या नावाचा नवस होता ना त्यो? मग मला घिऊन जायचं होतं की तळ्यावर. मी त्या बाईला म्हनले असते, माझा नवस फिटला बाई, धर मासे. ऐकलं असतं तिनं माझं. तासाभराचं काम होतं. तुमी दोघं येवढी शिकलेली, आन् दोघांपैकी एकालाबी मला विचारावं वाटलं न्हाई."